ऑनलाइन जुगाराचा कायदा: पॅनलवाला, लिंकवाला आणि खेळणारा, सोलापुरात कोणी काय करायचं

"रमी कौशल्याचा खेळ आहे, ती कायदेशीर" हे वाक्य नवी पेठेतल्या मोबाइल दुकानांपासून होटगी रोडच्या टपऱ्यांपर्यंत अजून ऐकू येतं. ऑगस्ट २०२५ पर्यंत त्याला आधारही होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फँटसी क्रिकेटला तोच न्याय लावला. १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेतच. मग संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आणला. २० ऑगस्ट २०२५ ला तो लोकसभेत मंजूर झाला, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ बंद केले.

या कायद्याने कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला. आता दोनच गोष्टी पाहायच्या: पैसा आत गेला का, आणि बदल्यात पैसा मिळण्याची आशा होती का. दोन्हींचं उत्तर हो आलं, तर तो 'ऑनलाइन मनी गेम'. त्यानंतरचा प्रश्न तुम्ही त्यात कोण आहात हा, आणि सोलापुरात माणसं चुकतात ती इथेच. परदेशातला मालक हाती लागायला वर्षं जातात. पोलिसांची नोटीस येते ती इथल्या बँक खात्यावर, इथल्या मोबाइल नंबरवर आणि इथल्या टेलिग्राम चॅनलवर.

आधी खेळ ओळखा

पैसा म्हणजे फक्त रुपये नव्हेत. पैसे देऊन घेतलेले कॉइन, टोकन, चिप्स, क्रेडिट हे सगळं या व्याख्येत येतं. "आमच्या ॲपवर पैसे लागत नाहीत, फक्त कॉइन लागतात" असं कोणी म्हणालं तर ते कॉइन विकत घ्यावे लागतात का आणि पुन्हा रुपयांत बदलून मिळतात का, हे विचारा.

महिन्याची ठरावीक फी भरून लुडो खेळता, जिंकल्यावर काहीच हाती पडत नाही, अशा खेळाला कायदा सोशल गेम म्हणतो आणि त्याला मोकळीक आहे. ई-स्पोर्ट्सलाही मोकळीक आहे. पण जुळे सोलापूरच्या गेमिंग कॅफेत शंभर-शंभर रुपये गोळा करून भरवलेली बॅटल रॉयल स्पर्धा म्हणजे आपोआप ई-स्पोर्ट्स होत नाही. त्यासाठी तो खेळ राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ खाली मान्यताप्राप्त आणि ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे नोंदलेला हवा, नियम आधी ठरलेले हवेत, आणि खेळणाऱ्यांनी किंवा बघणाऱ्यांनी कुठलीही पैज लावलेली नसावी. प्रवेश फी चालते, पण ती स्पर्धेत उतरण्यापुरती किंवा आयोजनाच्या खर्चापुरती. कॅफेवाल्यांसाठी सुरक्षित वाट ही: प्रवेश फुकट ठेवा, बक्षीस स्थानिक दुकानदाराच्या प्रायोजकत्वातून द्या, आणि ते प्रायोजकत्व पावतीवर असू द्या. सगळ्यांच्या फीची थैली करून ती विजेत्याला देणं ही पैजच झाली, तिला स्पर्धा कितीही म्हटलं तरी.

कॅसिनोबद्दल एक गैरसमज वारंवार येतो. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे "महाराष्ट्रात कॅसिनोचं लायसन्स मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा" असं सांगणारा माणूस फसवतोय, यात दुसरी शक्यताच नाही. गोव्यात मांडवीतल्या जहाजावर प्रत्यक्ष जाऊन खेळणं हा गोव्याच्या कायद्याचा विषय. त्याच धाटणीचं टेबल मोबाइलवर लाइव्ह दाखवून सोलापुरातून पैसे लावायला लावले, तर तो केंद्राच्या कायद्यातला मनी गेम. कुरासाव बेटाचं लायसन्स वेबसाइटच्या तळाशी झळकत असलं तरी उपयोग नाही. परदेशातून चालवून भारतात दिलेल्या सेवेलाही हा कायदा लागू आहे.

शिक्षेचा हिशेब

खेळ पुरवणाऱ्याला कलम ५ आणि ९ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे फिरवून देणाऱ्याला, म्हणजे बँक, पेमेंट गेटवे वगैरेंना, कलम ७ खाली तितकीच. जाहिरात करणाऱ्याला कलम ६ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर किमान शिक्षा लागते: पुरवणारा आणि पैसे फिरवणारा यांना ३ ते ५ वर्षं आणि १ ते २ कोटी, जाहिरातवाल्याला २ ते ३ वर्षं आणि ५० लाख ते १ कोटी. कलम ५ आणि ७ चे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ आहे. टोळीने केलेली बेकायदा बेटिंग किंवा जुगार हा 'लघु संघटित गुन्हा' आणि त्याला १ ते ७ वर्षं. चार-पाच जणांनी मिळून आयपीएलच्या हंगामात आयडी, म्हणजे बेटिंग साइटवर खेळायची खाती, वाटल्या, तर हे कलम लागण्याची भीती खरी आहे. केंद्राच्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. "केस चालू आहे म्हणजे कायदा थांबलाय" असा अर्थ त्यातून काढू नका. याचिका दाखल असणं वेगळं, स्थगिती मिळणं वेगळं.

पॅनल किंवा आयडी चालवणाऱ्यांसाठी

पॅनल म्हणजे बेटिंग साइटकडून मिळालेलं लॉगिन, ज्यातून खेळणाऱ्यांना आयडी आणि पॉइंट देता येतात. "मी काही कंपनी नाही, मी फक्त वरून पॅनल घेतलंय" हा बचाव टिकत नाही. कलम ५ ची भाषा रुंद आहे. खेळ पुरवणं, त्याला साहाय्य करणं, चिथावणं, त्या पुरवण्यात कोणत्याही प्रकारे गुंतणं, सगळं त्यात बसतं. व्हॉट्सॲपवर आयडी बनवून देणारा, पॉइंट भरणारा, विड्रॉल पाठवणारा, रात्री कस्टमरचे मेसेज बघणारा पोरगा, हे सगळे त्या एका वाक्यात येतात. कंपनी असेल तर त्या वेळी कामाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते सगळे कलम ११ खाली जबाबदार. स्वतंत्र संचालक आणि निर्णयात भाग न घेतलेले बिनकार्यकारी संचालक तेवढे बाहेर.

धंदा बंद करायचा तर क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी नवे पैसे घेणं थांबवा: क्यूआर कोड, यूपीआय आयडी, पेमेंट लिंक बंद. त्यानंतर लोकांची शिल्लक परत करा, आणि ज्या खात्यातून पैसे आले होते त्याच खात्यात करा. रोखीत परत केले की हिशेब कायमचा तुटतो, आणि पुढे चौकशीत ती रक्कम तुम्ही खिशात घातली असं दिसतं. मग नोंदी बाजूला काढा: भरणा, विड्रॉल, कोणाला किती कमिशन, कोणतं खातं कोणाच्या नावावर. पुष्कळ जण इथे घाबरून फोन फॉरमॅट करतात. नोटीस आल्यावर किंवा येणार हे कळल्यावर केलेलं डिलीट म्हणजे पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा. पैशांचा माग बँकेत तसाच राहतो, फक्त तुमच्या बाजूचं काही उरत नाही.

धंदा बेकायदा होता म्हणून कर माफ होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पूर्ण रकमेवर म्हणजे काय ते आकड्यात पाहा: २८ टक्क्यांच्या काळात एका पॅनलवर वर्षभरात ५० लाख भरणा झाला, त्यातले ४५ लाख जिंकणाऱ्यांना परत गेले, हाती ५ लाख राहिले. कर मात्र ५० लाखांवर, १४ लाख. खेळणाऱ्याला परत केलेली रक्कम यातून वजा होत नाही. जिंकलेले पैसे खात्यातून बाहेर न काढता पुन्हा खेळात लावले तर त्यावर दुसऱ्यांदा कर नाही, एवढीच सूट. जीएसटी गुप्तवार्ता महासंचालनालयाने मार्च २०२५ मध्ये परदेशी कंपन्यांच्या ३५७ वेबसाइट बंद करवल्याचं जाहीर केलं, आणि त्याच कारवाईत खातीही गोठवली. त्या कारवाईचा धागा बँक खात्यांमधूनच निघतो.

लिंक टाकणाऱ्यांसाठी

इन्स्टाग्रामवर क्रिकेटची रील, खाली "बायोमध्ये लिंक". टेलिग्रामवर "आजची फिक्स टीम". मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषांत एकच मेसेज, म्हणजे शहराच्या पूर्व भागापासून सीमेपलीकडे कलबुर्गीपर्यंत पोहोचतो. सोलापुरातल्या पोरांना या कामात वरच्या लोकांनी ओढलं ते तीन भाषांसाठीच.

कमिशन दोन तऱ्हेचं असतं. एकात दर नव्या भरणाऱ्या माणसामागे ठरलेली रक्कम. दुसऱ्यात तुमच्या लिंकवरून आलेला माणूस जितकं हरेल त्यात तुमचा टक्का, आणि तो महिनोन्महिने चालू. कायद्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. लोक धरून चालतात की लिंक टाकणं म्हणजे जाहिरात, म्हणजे कलम ६, फार तर २ वर्षं. पण हरलेल्या पैशात वाटा घेणाऱ्याने खेळ पुरवायला साहाय्य केलं, असं म्हणायला तपास अधिकाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. मग कलम ५, ३ वर्षं, अजामीनपात्र. त्यातून लोकांना भरणा कसा करायचा हे शिकवलं असेल, कोणाच्या वतीने पैसे भरले असतील, तर जाहिरात हा शब्द वापरायलाही जागा राहत नाही.

'न्यूज', 'स्पोर्ट्स ब्लॉग', 'टी-शर्ट' अशा नावाखाली मूळ ब्रँड दाखवणं ही आडून केलेली जाहिरात. माहिती आणि प्रसारण मंत्रालय जून २०२२ पासून याविरुद्ध सूचना काढत आलंय, २१ मार्च २०२४ ची सूचना खास इन्फ्लुएन्सरांसाठी होती. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड, आणि शिफारस करणाऱ्यावर १ वर्षाची, नंतर ३ वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते. "फक्त माहितीसाठी, आपल्या जबाबदारीवर खेळा" ही ओळ खाली लिहिल्याने काही वाचत नाही.

नोटीस आलेली नसेल तर आवराआवर अशी करा. सध्याच्या पोस्टची आणि कमिशनच्या डॅशबोर्डची तारखेसह नोंद स्वतःकडे ठेवा. मग लिंक काढा: बायो, पिन केलेला मेसेज, यूट्यूबचं वर्णन, जुन्या स्टोरीच्या हायलाइट, शॉर्टलिंक. हायलाइट आणि जुन्या व्हिडिओंची वर्णनं पुष्कळ लोक विसरतात, आणि स्क्रीनशॉट नेमका तिथला निघतो. मग वरच्या माणसाला लेखी कळवा की अमुक तारखेपासून काम बंद, कमिशन नको. शिल्लक कमिशनच्या लोभाने लिंक "अजून एक महिना" ठेवणं ही सर्वांत महाग चूक. त्या महिन्यात आलेला प्रत्येक रुपया कायदा माहीत असताना घेतलेला ठरतो.

आता कर. मिळालेलं कमिशन विवरणपत्रात दाखवायचंच. ते खेळातलं बक्षीस नव्हे, धंद्याचं उत्पन्न आहे, म्हणून आयटीआर-३. कमिशनला कलम ४४ एडीची अंदाजित नफ्याची सोय मिळत नाही, त्यामुळे ८ टक्के दाखवून सुटता येत नाही. खर्च दाखवायचा तर पावत्या लागतात. उलाढाल २० लाखांवर गेली असेल तर जीएसटी नोंदणी. परदेशी कंपनीचं काम म्हणजे निर्यात, म्हणजे शून्य कर, असं मानणाऱ्यांना मागच्या वर्षांसाठी मध्यस्थ ठरवून १८ टक्क्यांची मागणी येऊ शकते. कमिशन यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टोमध्ये घेतलं असेल तर तेवढ्याने ते लपत नाही. ते विकताना १ टक्का टीडीएस आणि नफ्यावर ३० टक्के कर हा वेगळाच हिशेब लागतो.

नोटीस आलीच तर आधी कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावणं, ९४ म्हणजे कागदपत्रं मागणं, ३५(३) म्हणजे तुमच्यावर संशय आहे. जीएसटीचं समन्स कलम ७० खाली येतं, सक्तवसुली संचालनालयाचं मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५० खाली. शेवटच्या दोघांकडे दिलेला जबाब पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो, म्हणून तिथे वकिलाशी बोलल्याशिवाय "जाऊन समजावून येतो" असं करू नका.

खेळणाऱ्यांसाठी

केंद्राच्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे खरं, पण पूर्ण खरं नाही. राज्याचा १८८७ चा कायदा जागेवर आहे. एखाद्या खोलीत दहा जण जमून मोबाइलवर आकडे लावतायत आणि खोलीवाला टक्का घेतोय, तर ती खोली जुगाराचा अड्डा ठरू शकते आणि आत सापडलेला माणूस आरोपी. दुसरं म्हणजे खेळणारा कधी लिंकवाला होतो ते त्यालाच कळत नाही. "मित्राला जोड, ५०० बोनस" हा मेसेज पुढे ढकलला की कलम ६ च्या उंबरठ्यावर पाय पडला.

शिल्लक अडकली असेल तर जुन्या, बंद झालेल्या भारतीय ॲपवर विड्रॉलचा पर्याय पाहा, त्यांच्या मदत केंद्राला ईमेल करा, स्क्रीनशॉट ठेवा. परदेशी साइटवर अडकलेले पैसे बहुतेक गेलेच. तिथे एक ठरलेला डाव असतो: "तुमचे ८० हजार तयार आहेत, सरकारी नियमाप्रमाणे ३० टक्के टॅक्स आधी भरा, मग सोडतो." टीडीएस हा रकमेतून कापून घेतात. तो वेगळा भरायला कोणी सांगत नाही, आणि यूपीआयवर तर कधीच नाही. हे मागितलं की ती फसवणूक समजा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

खातं कशामुळे गोठतं, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. बेकायदा साइट स्वतःच्या नावाचं खातं वापरत नाही. भाड्याने घेतलेली खाती वापरते. तुम्ही जिंकलेले ४ हजार तुम्हाला ज्या खात्यातून येतात, त्यात कदाचित त्याच सकाळी कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक होऊन आलेले पैसे असतात. त्या माणसाने जयपूर किंवा हैदराबादला तक्रार केली की पोलीस पैशांची साखळी धरून खाती थांबवत जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या कडीला तुमचं खातं लागतं. तुम्ही कुणाला फसवलेलं नसतं, पण सोमवारी आठवड्याचा पगार जमा होतो आणि एटीएम पैसे देत नाही.

अशा वेळी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. तोंडी विचारू नका. तीन गोष्टी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, कोणत्या राज्याच्या कोणत्या पोलीस ठाण्याने सांगितलं, आणि पूर्ण खातं थांबवलंय की ठरावीक रकमेवर धारणाधिकार (लिएन, म्हणजे तेवढीच रक्कम अडवणं) लावलाय. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मग सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढून वादातला व्यवहार शोधा. यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक तिथे असतो. त्या पोलीस ठाण्याला ईमेल करा: रक्कम कशाची, ती कुठून आली, आणि वादातली रक्कम राखून बाकी खातं मोकळं करा अशी विनंती. पगाराची चिठ्ठी, विडी किंवा यंत्रमाग कारखान्याचं ओळखपत्र जोडा, म्हणजे नियमित उत्पन्न दिसतं. उत्तर आलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. परराज्यातलं कोर्ट असेल आणि वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विचारा, देशभरचा क्रमांक १५१०० आहे.

इथे चुका ठरलेल्या असतात. "साडी विकली त्याचे पैसे" असं खोटं लिहिणं सर्वांत वाईट, कारण समोरच्या खात्याचा इतिहास पोलिसांकडे असतो. दुसरी चूक, गोठलेलं खातं तसंच सोडून बायकोच्या खात्यावर खेळ चालू ठेवणं. महिन्याभरात दोन्ही खाती जातात. तिसरी, "दहा हजारांत खातं सोडवून देतो" म्हणणारा दलाल गाठणं.

जिंकलेल्या रकमेवर कर ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२. हे १ एप्रिल २०२३ पासूनचं. टीडीएस काढतानाचं गणित असं: वर्षात काढलेली रक्कम, वजा स्वतः भरलेली, वजा वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक. १० हजार भरले, १६ हजार काढले, सुरुवातीला शिल्लक शून्य, तर निव्वळ जिंकलेले ६ हजार आणि टीडीएस १,८००. कंपनीने दिलेला बोनस 'स्वतः भरलेली रक्कम' म्हणून धरत नाहीत, त्यामुळे बोनसवर जिंकलं तर कर जास्त बसतो. एका ॲपवरचा तोटा दुसऱ्या ॲपवरच्या नफ्यातून वजा होत नाही. एकीकडे ४० हजार जिंकले, दुसरीकडे ६० हजार हरले, म्हणजे खिशातून २० हजार गेले, तरी कर ४० हजारांवर १२,४८०. लोकांचा विश्वास बसत नाही, पण हिशेब असाच आहे.

मूळ करमुक्त मर्यादेचा फायदा या उत्पन्नाला मिळत नाही. कमी उत्पन्नाला मिळणारी ८७ ए ची करसवलत मिळेल का ते वर्ष आणि करपद्धतीवर अवलंबून, म्हणून भरण्याआधी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून घ्या. आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराला आयटीआर-२ लागतो. आधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर २६ एएस (कापलेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरण उघडा. तिथे नोंद दिसत असून विवरणपत्रात नसेल तर नोटीस ठरलेली. जुनं वर्ष राहून गेलं असेल तर अद्ययावत विवरणपत्र संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, पण पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६०, ७०. उशीर जेवढा, तेवढा भार. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा असल्याने कलमांचे आकडे बदललेत, जुन्या वर्षांना जुनेच आकडे.

परदेशी साइटवर कार्डने किंवा क्रिप्टोने पैसे पाठवणाऱ्यांसाठी परकीय चलनाचा कायदाही आहे. लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स वगैरेंसाठी परदेशी पैसे पाठवणं २००० च्या नियमांतच मना केलंय, आणि दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

उधारीचं प्रकरण निराळं. करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. सोलापूर जुन्या मुंबई इलाख्यातलं, आणि इलाख्यासाठी १८६५ चा आणखी कडक कायदा होता: पैजेला मदत म्हणून जाणूनबुजून केलेला करारही शून्य. म्हणजे बुकीने क्रेडिटवर दिलेले पॉइंट, किंवा खेळायलाच म्हणून दिलेली उधारी, कायद्याने वसूल होणारं कर्ज नव्हे. चेक दिला असेल आणि न वटल्याची नोटीस आली, तर १५ दिवसांत वकिलाकरवी उत्तर द्या. गप्प बसलात तर हा बचाव नंतर जड जातो. बँकेचं किंवा सोनेतारण कर्ज यात बसत नाही, बँकेला तुमचा खेळ ठाऊक नव्हता. परवाना नसलेला सावकार दारात येत असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा.

प्ले स्टोअरऐवजी बाहेरून टाकलेलं ॲप फोनमधून काढा, पण आधी त्याची एसएमएस वाचण्याची परवानगी बंद करा, आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी तपासून मंजुरी रद्द करा. हात थांबतच नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

खातं भाड्याने देणारे

"खातं दे, महिन्याला पाच हजार, तुला काही करायचं नाही." कॉलेजच्या पोरांना आणि कामावरून घरी बसलेल्या कामगारांना हे विचारलं जातं. पासबुक, एटीएम, सिम कार्ड सगळं काढून घेतात. ज्याने कधी एक डाव खेळला नाही त्याच्या नावावर यात लाखोंची उलाढाल दिसते. गुन्ह्याचा पैसा फिरवण्यात मदत, म्हणजे मनी लाँडरिंग कायद्याखाली ३ ते ७ वर्षांच्या कैदेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि सगळी साखळी तपासताना सर्वांत सोपा सापडणारा माणूस हाच असतो. त्याचं आधार आणि फोटो बँकेत आहेतच.

खातं देऊन बसला असाल तर आजच बँकेला लेखी कळवा की व्यवहार माझ्या ताब्यात नाहीत, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा. सिम तुमच्या आधारवर आहे, ते मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन बंद करवा. खात्यात उरलेल्या पैशांना हात लावू नका, काढून परतही देऊ नका. मग तक्रार. शहराच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला वगैरे तालुक्यांतून असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडचं. हद्दीची चूक झाली की अर्धा दिवस हेलपाट्यात जातो. सोबत न्यायचं: पासबुक किंवा स्टेटमेंट, बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, खातं मागणाऱ्याचा नंबर आणि त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲप मेसेज छापून, आणि फोन चार्ज केलेला.